वेग आहे, मग रेडिओ का अडतो?

घरात शंभर एमबीपीएसचं फायबर आलेलं असतं. बाहेरच्या खोलीत नातू मोठ्या पडद्यावर तीन तासांचा सिनेमा एकदाही न अडकता बघतो. आतल्या खोलीत आजोबा मोबाइलवर विविध भारती लावतात आणि गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला आवाज गप्प होतो. पडद्यावर काहीतरी गोल फिरत राहतं, मग पुन्हा गाणं, पुन्हा शांतता. आजोबा म्हणतात, "नेट स्लो आहे." नातू तिथल्या तिथे वेगाची चाचणी करून दाखवतो, आकडा येतो सत्त्याण्णव. आजोबांचं निदान चुकलेलं असतं आणि नातवाचा पुरावा गैरलागू असतो.

रेडिओला वेग लागतच नाही म्हटलं तरी चालेल. साध्या एमपी३ प्रवाहाचा दर बहुतेक वेळा १२८ केबीपीएस असतो, म्हणजे सेकंदाला १६ किलोबाइट. तासाचे साधारण ५८ एमबी झाले. रोज दीड जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर असा रेडिओ चोवीस तास अखंड चालवला तरी १.४ जीबीच्या आसपास खर्च होईल आणि रात्री थोडा डेटा उरेल. बातम्या, भाषणं, कीर्तनं यांना तर ६४ केबीपीएस पुष्कळ झाले. शंभर एमबीपीएसच्या तारेतून, निदान कागदावर, सातशेहून जास्त केंद्रं एकाच वेळी ऐकता येतील. अशा तारेवर एक केंद्र धड चालत नसेल, तर त्याचं कारण वेगात शोधणं म्हणजे नुसता वेळ घालवणं.

गडबड सातत्यात असते. सिनेमा सर्व्हरवर अथपासून इतिपर्यंत तयार पडलेला असतो, त्यामुळे प्लेअर पुढची काही मिनिटं आधीच ओढून ठेवतो. मध्ये वीस सेकंद लाइन गेली तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. थेट रेडिओला ही सोय नाही. निवेदिकेने पुढचं वाक्य अजून उच्चारलेलंच नसतं, ते आधी आणून ठेवणार कुठून? थेट प्रसारणात शिल्लक टाकायची एकच युक्ती आहे, ती म्हणजे ऐकणाऱ्याने काही सेकंद मागे राहणं. आलेला आवाज लगेच न वाजवता थोडा साठू द्यायचा आणि मग जुना आधी या क्रमाने वाजवत जायचं. या साठ्याला बफर म्हणतात. बफर दहा सेकंदांचा असेल तर नऊ सेकंदांचा खंड तो गिळून टाकतो, अकरा सेकंदांचा खंड पडला की मात्र शांतता. वेगाची चाचणी काही सेकंदांतला वेग सांगते. तासाभरात चार वेळा पडलेल्या अकरा-अकरा सेकंदांच्या खड्ड्यांबद्दल ती अवाक्षर काढत नाही.

जुन्या रेडिओत हा प्रश्न नव्हता, कारण तिथे ऐकणाऱ्याशी काही देवघेवच नव्हती. पारावर एकाने मोठ्याने पेपर वाचावा आणि गावाने ऐकावा, तसं ते होतं. ऐकणारे दहा असोत की दहा हजार, वाचणाऱ्याचा घसा तेवढाच दुखणार. इंटरनेटवर सर्व्हर प्रत्येक श्रोत्याला स्वतंत्र प्रत पाठवतो. हजार श्रोते तर हजार प्रती. शिवाय पाठवलेल्या तुकड्यांची पोच परत यावी लागते. एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागवला जातो आणि तो येईपर्यंत त्याच्या मागचे सगळे ताटकळतात. म्हणून इंटरनेट रेडिओ खरखरत नाही. मध्यम लहरींवर सिग्नल दुबळा झाला की खरखर वाढायची, शेजारचं केंद्र मिसळायचं, वीज कडाडली की तीही ऐकू यायची. कान तयार झालेला माणूस नुसत्या आवाजावरून सांगायचा की सेल उतरलेत, सुई सरकली आहे की बाहेर पाऊस जमतो आहे. इथे आवाज एक तर स्वच्छ असतो, नाही तर नसतोच. आणि ही शांतता कशामुळे आहे, हे ती स्वतः सांगत नाही.

तरीही लोक इंटरनेटकडे वळले, त्याला कारण आहे. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्‌झवर मध्यम लहरींवरून येते. पण शहरातल्या घरात एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांनी या पट्ट्यात इतका कचरा करून ठेवला आहे की संच खिडकीत नेऊन ठेवला तरी बातम्यांमागे सतत गुणगुण चालू असते. तीच वाहिनी प्रसार भारतीच्या न्यूज ऑन एअर या अ‍ॅपवर लावा, आवाज काचेसारखा. या अ‍ॅपवर देशभरातली आकाशवाणीची दोनशेहून अधिक केंद्रं आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने वेव्हज हे अ‍ॅप आणलं, त्यावरही रेडिओ आहे. न्यू जर्सीतल्या मराठी घराला तर दुसरा मार्गच नाही. आपल्याकडचं सकाळी सहाचं प्रसारण तिकडे आदल्या संध्याकाळी, हिवाळ्यात साडेसातला आणि उन्हाळ्यात साडेआठला, स्वयंपाक चालू असताना ऐकता येतं.

या तंत्राला तीसहून जास्त वर्षं झाली. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं चॅपल हिल इथलं विद्यार्थ्यांचं केंद्र, डब्ल्यूएक्सवायसी, ७ नोव्हेंबर १९९४ ला इंटरनेटवर ऐकू येऊ लागलं. आपलं नेहमीचं प्रसारण इंटरनेटवर नेणाऱ्या अगदी पहिल्या केंद्रांत त्याची गणना होते. १९९५ मध्ये रिअलऑडिओ आलं. १४.४ केबीपीएसच्या मोडेमवरूनही बोलणं समजावं इतका आवाज ते दाबून बसवायचं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. दशकाच्या शेवटी शाउटकास्ट आणि त्याच धर्तीचं आइसकास्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आलं, आणि घरच्या संगणकावरून केंद्र चालवणं कुणालाही शक्य झालं. जगातली असंख्य छोटी केंद्रं आजही याच जोडीवर चालतात. त्यांच्याकडून येणारा आवाज म्हणजे एक न तुटणारा धागा असतो. तुमचा प्लेअर सर्व्हरशी एकदा जोडला जातो आणि तुम्ही बंद करेपर्यंत तीच जोडणी चालू राहते.

दुसरी पद्धत अ‍ॅपलने २००९ मध्ये आणली, तिला एचएलएस म्हणतात. यात आवाजाचे बहुधा सहा-सहा सेकंदांचे तुकडे करून ते फायलींसारखे सर्व्हरवर ठेवले जातात आणि प्लेअर एकेक तुकडा मागून घेतो. आकाशवाणीचे आणि बीबीसीचे प्रवाह याच पद्धतीने येतात. सुरुवात करताना प्लेअर ताज्या तुकड्याला हात न लावता निदान तीन तुकडे मागून सुरुवात करतो, त्यामुळे वीस-तीस सेकंद उशीर ठरलेलाच. क्रिकेटचं समालोचन अ‍ॅपवर ऐकणाऱ्याला विकेट पडल्याचं शेजारच्या टीव्हीवरच्या आरड्याओरड्यातून आधी कळतं ते यामुळे. घड्याळ लावायचं असेल तर अ‍ॅपवरच्या रेडिओतल्या वेळेच्या ठोक्यांवर मुळीच लावू नका.

हा उशीर म्हणजे दोष नव्हे, विमा आहे. प्रवासात तो उपयोगी पडतो. मुंबईहून पुण्याला जाताना कर्जत सुटलं की घाटात बोगदे सुरू होतात आणि फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर उड्या मारतो. अखंड धाग्याच्या पद्धतीत जोडणी तुटली की तुटली, ती पहिल्यापासून करावी लागते आणि काही अ‍ॅप तसं आपण होऊन करतच नाहीत. तुकड्यांच्या पद्धतीत पुढचा तुकडा नव्याने मागायचा एवढंच. त्यामुळे दोन बोगद्यांमध्ये दहा सेकंद सिग्नल मिळाला तरी गाडी रुळावर येते. अर्थात विम्यालाही मर्यादा आहे. कोकण रेल्वेवरचा रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला तो ओलांडायला जवळपास पाच मिनिटं लागतात. आत सिग्नल नसेल तर पाच मिनिटांचा बफर कुठल्याही रेडिओ अ‍ॅपकडे नसतो. तिथे खिडकीबाहेरच्या अंधाराकडे बघावं हे उत्तम.

आता एक गमतीचा हिशेब, कारण त्यातून एक फुकटचा उपाय निघतो. आइसकास्ट सर्व्हर श्रोता जोडला गेल्याबरोबर त्याच्या हातात ६४ किलोबाइटचा गठ्ठा एकदम देतो, म्हणजे आवाज लगेच सुरू होतो आणि थोडी शिल्लकही राहते. हे मूळ सेटिंग आहे, बहुतेक केंद्रं ते बदलत नाहीत. १२८ केबीपीएसच्या प्रवाहात या गठ्ठ्यात चार सेकंदांचा आवाज मावतो. ६४ केबीपीएसमध्ये आठ सेकंदांचा, ३२ मध्ये सोळा सेकंदांचा. म्हणजे कमी दराचा प्रवाह निवडला की गरजही कमी होते आणि शिल्लक मात्र वाढते. बऱ्याच केंद्रांचे दोन-तीन प्रवाह असतात आणि 'हाय क्वालिटी' लिहिलेल्यावर बोट आपसूक जातं. लाइन कच्ची असेल तर ते बोट आवरावं. एएसी, त्यातही एचई-एएसी पद्धतीने दाबलेला ४८ किंवा ६४ केबीपीएसचा आवाज फोनच्या स्पीकरवर १२८ च्या एमपी३ पासून ओळखू येणं कठीण आहे. शास्त्रीय गायन चांगल्या हेडफोनवर ऐकायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तंबोऱ्याची झिलई कमी दरात मारली जाते.

संगणकावर व्हीएलसी प्लेअर असेल तर बफर आपल्या हाताने वाढवता येतो. कंट्रोल आणि एन दाबलं की पत्ता टाकायची चौकट उघडते. तिथे जास्तीचे पर्याय उघडून 'कॅशिंग'चा आकडा बघा. तो मुळात १००० मिलिसेकंद, म्हणजे एक सेकंद असतो. तो ५००० करा. रेडिओ सुरू व्हायला थोडा वेळ लागेल, पण नंतरची निम्मी कटकट संपते.

बिघाड शोधण्याची रीत जुन्या वायरमनचीच आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. आधी केंद्र बदला. दुसरं केंद्र नीट चालत असेल तर घरातल्या कशालाही हात लावू नका, दोष पलीकडे आहे. सगळीच केंद्रं अडत असतील तर लाइन बदला, वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर ऐका. तरीही अडत असेल तर यंत्र बदला, दुसऱ्या फोनवर तेच केंद्र त्याच अ‍ॅपमधून लावा. एवढ्याने दोष केंद्रात आहे, घरात आहे की फोनमध्ये, हे कळतं. लोक उलटं करतात. रागाच्या भरात राउटर बंद-चालू करतात, अ‍ॅप काढून पुन्हा टाकतात, फोन रिस्टार्ट करतात, सगळं एका दमात. मग रेडिओ चालू झाला तरी कशाने झाला ते कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी तोच खेळ.

फोनचा दोष सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत कमी ओळखला जातो. त्याची खूण ठरलेली आहे. पडदा चालू असेपर्यंत रेडिओ झकास चालतो, फोन खिशात टाकला की पाच-दहा मिनिटांत थांबतो. २०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून फोन निजलेला दिसला की मागे चालणाऱ्या अ‍ॅपचं इंटरनेट आवळण्याची व्यवस्था आली. नीट बांधलेल्या रेडिओ अ‍ॅपला यातून सूट मिळते, पण काही कंपन्यांनी बॅटरी जास्त टिकते हे दाखवण्यासाठी त्यावर आपले आणखी कडक नियम चढवले आहेत. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन रेडिओच्या अ‍ॅपचं बॅटरीचं पान उघडावं आणि 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडावं. 'डेटा सेव्हर' चालू असेल तर त्यातून या अ‍ॅपला वगळावं. काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' नावाचं आणखी एक कुलूप असतं, तेही उघडावं. ब्राउझरच्या खिडकीत रेडिओ ऐकणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो, त्यांनी सरळ अ‍ॅप घ्यावं.

फोन आला, बोलून झालं, आणि नंतर रेडिओ मुका राहिला, हाही नेहमीचा अनुभव. आपण 'पॉज' केलेलं असतं किंवा फोनने आपोआप केलेलं असतं. सर्व्हर मात्र पाठवतच असतो. घेणारा घेत नाही म्हटल्यावर माल थोडा वेळ रांगेत ठेवतो आणि रांग भरली की जोडणी तोडून टाकतो. आइसकास्टची रांग मुळात ५१२ किलोबाइटची, म्हणजे १२८ केबीपीएसला जेमतेम बत्तीस सेकंदांची असते. तेव्हा थेट रेडिओला 'पॉज' नाही असंच समजावं. पूर्ण बंद करून पुन्हा लावावं.

घरातल्या वाय-फायचं म्हणाल तर राउटरची जागा बघितली की अर्धं निदान होतं. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, माळ्यावर, जिथे तो दिसणार नाही तिथे तो ठेवलेला असतो. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण त्यात गर्दी फार. शेजारच्या दहा घरांचे राउटर, ब्लूटूथ, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे त्याच पट्ट्यात. दूध गरम करताना रेडिओ अडखळत असेल तर तो योगायोग नव्हे. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा मोकळा असतो, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात ओटीवरच्या राउटरचा ५ गिगाहर्ट्‌झ माजघरात पोचला तर नशीब. एकाच खोलीत ऐकायचं असेल तर ५, दोन भिंती पलीकडे असेल तर २.४, असा ढोबळ नियम धरावा आणि दोन्ही पट्ट्यांना राउटरमध्ये वेगवेगळी नावं द्यावीत, म्हणजे निवड फोनवर सोडावी लागत नाही. वाय-फायवर चालणारे टेबलावरचे रेडिओ संच बरेचदा फक्त २.४ ओळखतात. नवा राउटर आल्यावर जुना संच जोडलाच जात नसेल तर सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ वरून डब्ल्यूपीए२ वर आणून बघा. आणि ब्लूटूथ स्पीकर? फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर आवाज सलग येतो आणि ब्लूटूथवर तुटतो, तर बिचाऱ्या इंटरनेटचा संबंधच नाही. फोन एका खिशात, तुम्ही मध्ये, स्पीकर पलीकडे, एवढ्यानेही ब्लूटूथ गडबडतं, कारण माणसाचं शरीर या लहरी चांगल्याच शोषतं.

दोष केंद्राकडे असेल तेव्हा आपल्या हातात थोडंच असतं, तरी ओळखता आलेलं बरं. सेकंद पुढे सरकतायत, गाण्याचं नावही दिसतंय आणि आवाज नाही, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, स्टुडिओकडून येणारा आवाज तुटलाय. दुपारी चालणारं छोटं केंद्र ऐन संध्याकाळी लागत नसेल, तर श्रोत्यांची ठरवून दिलेली संख्या भरली असण्याचा संभव मोठा. प्रत्येकाला स्वतंत्र प्रत द्यायची असल्याने केंद्राला प्रत्येक श्रोत्याचा खर्च येतो आणि छोटी केंद्रं त्याला मर्यादा घालतात. घरी चालतं आणि ऑफिसात नाही, तर केंद्राच्या पत्त्याच्या शेवटी ८००० सारखा आकडा आहे का बघा. तो दरवाजाचा क्रमांक आहे आणि ऑफिसांचे संगणकवाले असले अनोळखी दरवाजे बंद ठेवतात.

एक विचित्र आजार आहे, तो एकदा समजला की त्याची मजा वाटते. आवाज नीट येतो, पण दर सेकंदाला नेमका एक टक् किंवा चिवचिवाट ऐकू येतो. शाउटकास्ट आणि आइसकास्ट गाण्याचं नाव आवाजाच्याच प्रवाहात मध्ये मध्ये खोचतात, बरेचदा दर १६,००० बाइटांनंतर. १२८ केबीपीएसला १६,००० बाइट म्हणजे बरोबर एक सेकंद. प्लेअरने ती अक्षरं वेगळी काढून पडद्यावर दाखवायची असतात. एखादा अर्धवट प्लेअर ती आवाज समजून वाजवायला जातो आणि आपल्याला गाण्याचं नाव अक्षरशः ऐकू येतं. उपाय म्हणजे प्लेअर बदलणं. असाच दुसरा आजार दुकानात दिवसभर रेडिओ लावणाऱ्यांचा. सकाळपासून छान चाललेला रेडिओ काही तासांनी अधूनमधून अडखळायला लागतो. पाठवणाऱ्या यंत्रातलं घड्याळ आणि वाजवणाऱ्यातलं घड्याळ तंतोतंत सारखं नसतं. दशलक्षात पन्नास भागांचा फरक असला तरी दिवसाला चार सेकंदांहून जास्त होतो. वाजवणारं घड्याळ पुढे पळणारं असेल तर ते चार सेकंदांची शिल्लक दिवसभरात खाऊन टाकतं. दुपारी एकदा बंद करून पुन्हा लावलं की शिल्लक परत भरते.

सगळ्यांत चीड आणणारा प्रकार म्हणजे काल चालू असलेलं केंद्र आज कायमचं नाहीसं होणं. केंद्र असतं तिथेच, फक्त पत्ता बदललेला असतो. बीबीसीने २०१५ मध्ये आपली प्रसारणाची व्यवस्था बदलली तेव्हा अनेक घरांतले, चांगले पैसे मोजून घेतलेले वाय-फाय रेडिओ एका रात्रीत बीबीसीपुरते मुके झाले. उरलेले जुने प्रवाहही २०२३ मध्ये बंद झाले. त्याहून वाईट २०२१ मध्ये झालं. रेसिव्हा नावाची केंद्रांची सूची बंद पडली आणि तिच्या भरवशावर चालणारे संच निरुपयोगी झाले. यंत्र ठणठणीत, पण पत्ते विचारायचे कुणाला? माझं स्पष्ट मत असं की एकाच कंपनीच्या सूचीला बांधलेला महागडा वाय-फाय रेडिओ घेण्यात शहाणपण नाही. जुना फोन आणि बरा स्पीकर ही जोडी त्याहून जास्त वर्षं चालते, कारण एक अ‍ॅप गेलं तर दुसरं टाकता येतं. स्वयंसेवकांनी जोपासलेली रेडिओ ब्राउझर ही खुली सूची आहे, अनेक मुक्त अ‍ॅप तिच्यातून पत्ते घेतात. पृथ्वीचा गोल फिरवत ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या गावचा रेडिओ ऐकवणारं, नेदरलँड्समध्ये तयार झालेलं रेडिओ गार्डन तर पोराटोरांनाही आवडतं.

पत्ता बरोबर असूनही ब्राउझरमध्ये केंद्र लागत नसेल तर पत्त्याच्या सुरुवातीला बघा. 'एचटीटीपी' नंतरचा 'एस' नसेल तर प्रवाह असुरक्षित मानला जातो. सुरक्षित पानावरचा असला आवाज २०२० पासून क्रोम जसाच्या तसा वाजवत नाही. तो पत्त्याला स्वतःच 'एस' लावून बघतो आणि सर्व्हरला ते झेपलं नाही तर गप्प बसतो. असा पत्ता व्हीएलसीमध्ये टाकला की बहुधा चालतो. उलट बाजूने, सुरक्षित प्रवाह जुन्या यंत्रावर लागेना झाला तर आधी यंत्रातली तारीख तपासा. तारीख चुकलेली असेल तर सुरक्षा प्रमाणपत्र त्या तारखेला वैध नाही असा यंत्राचा समज होतो आणि ते जोडायलाच नकार देतं. बॅटरी पूर्ण उतरून पडलेल्या जुन्या टॅबलेटमध्ये हे नेहमी होतं. जाहिराती रोखणारं काही बसवलं असेल तर तेही थोडा वेळ बंद करून बघावं. काही केंद्रं सुरुवातीला जाहिरात वाजवतात आणि ती अडवली की पुढचं गाणंही अडतं.

परदेशातल्या मंडळींच्या वाटेत आणखी एक भिंत आहे, ती कायद्याची. गाण्यांचे आणि क्रिकेट समालोचनाचे हक्क देशागणिक विकले जातात. वॉर्नर आणि सोनी या संगीत कंपन्यांनी ट्यूनइन या अ‍ॅपविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. २०१९ मध्ये निकाल मुख्यतः कंपन्यांच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी ट्यूनइनने ब्रिटनमधल्या श्रोत्यांना बाहेरची केंद्रं ऐकवणं थांबवलं. २०२२ मध्ये रेडिओ गार्डननेही ब्रिटनपुरतं तेच केलं. लंडनमधल्या मराठी माणसाने अशा अ‍ॅपवर मुंबईचं केंद्र सापडत नाही म्हणून फोनला दोष देऊ नये. केंद्राच्या स्वतःच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर जावं. आकाशवाणीसाठी न्यूज ऑन एअर हाच सरळ रस्ता आहे.

केंद्राला तक्रार कळवायची असेल तर नुसतं 'चालत नाही' लिहून उपयोग नाही. कुठल्या गावातून, कुठल्या वेळी, कुठल्या अ‍ॅपवर, वाय-फायवर की मोबाइल डेटावर, आणि त्याच वेळी दुसरं केंद्र चालू होतं का, एवढं लिहिलं तर पलीकडच्या माणसाला काहीतरी करता येतं. छोट्या केंद्रांत हे काम एखादाच माणूस करत असतो, आणि प्रवाह तुटल्याचं त्यालाही बरेचदा श्रोत्याकडूनच कळतं.

एवढी खटपट करूनही काही दिवस असे येतात की यातलं काहीच चालत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. त्यानंतर रायगड आणि रत्नागिरीतल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती आणि मोबाइल टॉवरही बंद होते. इंटरनेट रेडिओला सर्व्हर, टॉवर किंवा राउटर, आणि चार्ज असलेला फोन, असं सगळं एकाच वेळी शाबूत लागतं. ट्रान्झिस्टरला दोन सेल पुरतात. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल कंपन्यांना फोनमधली एफएमची सोय बंद ठेवू नका असं सांगितलं, त्यामागेही हेच आपत्तीचं कारण होतं. तुमच्या फोनमध्ये एफएम असेल तर त्याला तारेचा इअरफोन लावावा लागतो, तारच अँटेना होते, हे ध्यानात ठेवा. आणि माळ्यावरचा जुना संच भंगारात देऊ नका. पावसाळ्याआधी एकदा खाली काढून लावून बघा, फक्त सेल आत ठेवू नका, शेजारी ठेवा. आत राहिलेले सेल पाझरतात आणि पट्ट्या गंजवतात.